दोन सिद्धांची झुंज आणि तीन वाचक

‘नवनाथ भक्तिसार’ या पोथीत आंब्यांचा एक प्रसंग आहे. कानिफनाथ आपल्या शिष्यांसह रानात उतरलेला असतो आणि तिथे गोरक्षनाथ येतो. आपली विद्या पाहुण्याला दिसावी म्हणून कानिफ मंत्राच्या बळावर झाडावरचे पिकले आंबे उतरवतो. खाणं झाल्यावर गोरक्ष म्हणतो, फळं उतरवलीत ते ठीक, आता उरलेली पुन्हा देठाला लावून दाखवा. कानिफाला ते जमत नाही, गोरक्ष लावून दाखवतो. मग बोलाचाली विद्येवरून गुरूंवर घसरते. तुझा गुरू मच्छिंद्र स्त्रीराज्यात विलासात बुडालाय, असं एक म्हणतो. तुझा जालिंदर लिदीखाली खड्ड्यात पुरलेला आहे, असं दुसरा सुनावतो. टोमणे म्हणून फेकलेल्या या दोन गोष्टी खऱ्याच असतात, आणि दोघेही आपापल्या गुरूच्या शोधात निघतात.

एकमेकांवर कुरघोडी करणाऱ्या जादूगारांच्या इंग्रजी कादंबऱ्यांचा विषय निघाला की अनुवादकाला हमखास एक प्रश्न ऐकावा लागतो: मराठी वाचकाला हे पचेल का? ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) या अर्सुला ले ग्विनच्या कादंबरीत गेड नावाचा पोरगा जास्पर या सहाध्यायाला खाली पाहायला लावण्यासाठी मंत्र घालतो आणि एक भयंकर सावली जगात मोकळी सोडतो. कानिफाची आणि त्याची खोड एकच. म्हणजे गोष्ट आपल्याकडे होतीच. तेव्हा ‘पचेल का’पेक्षा जुना आणि अधिक उपयोगी प्रश्न असा, की अशी झुंज वाचून आपल्या वाचकांनी आजवर काय केलं? मला त्याची तीन उत्तरं दिसतात.

पहिला वाचक पोथीचा. मालू कवीने ‘भक्तिसार’ पूर्ण केला तो शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली. पेशवाई बुडून जेमतेम वर्ष झालं होतं. ग्रंथाचे अध्याय चाळीस, आणि शेवटी कोणत्या अध्यायाच्या वाचनाने काय साधतं याची यादी. कुठे समंधबाधा टळते, कुठे धनलाभ होतो, कुठे शत्रू नामोहरम होतो. अस्त्रांवर अस्त्रं सुटतात, भस्माच्या चिमटीने पर्वत हलतात, पण ‘हे घडलं असेल का’ असं हा वाचक विचारत नाही. तो विचारतो, हे वाचल्याने माझ्या घरात काय घडेल? नऊ दिवसांचं पारायण बांधून घेऊन, सोवळं-ओवळं पाळून तो वाचतो. त्याला भोळा म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. पण पुस्तक वाचल्याने वाचणाऱ्याच्या आयुष्यात काहीतरी हललं पाहिजे, ही त्याची अपेक्षा आजच्या कोणत्याही गंभीर वाचकाच्या अपेक्षेहून फार वेगळी नाही.

दुसरा वाचक छापखान्याबरोबर आला. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. अद्भुतरम्य कादंबरीचा तो भराचा काळ. रिसबुडांनी प्रस्तावनेत आपली अडचण मोकळेपणाने मांडली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्या लोकांचं रोजचं जगणं, त्यातही आपली विवाहाची रीत, अशी आहे की त्यातून रंजक कादंबरी निघणार नाही. मग लेखकाने अद्भुताकडे वळायचं नाही तर काय करायचं? चारच वर्षांनी, १८७२मध्ये, काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा नावल व नाटक यांविषयीचा निबंध आला आणि त्याने या कादंबऱ्यांना संभवनीयतेच्या तराजूत घातलं. शक्य आहे का, जगात असं घडतं का, हा या वाचकाचा प्रश्न. तो आवश्यकच होता; हरिभाऊ आपट्यांच्या सामाजिक कादंबरीची जमीन त्यातूनच तयार झाली. पण त्याची किंमतही मोजावी लागली. पोथी देवघरात राहिली, कादंबरी टेबलावर आली, आणि जादूची गोष्ट मुलांच्या खोलीत पाठवली गेली. एकाच घरातली तीन कपाटं एकमेकांशी बोलेनाशी झाली.

तिसरा वाचक मला बेंगळुरात भेटला. चामराजपेट ही १८९२मध्ये वसवलेली पेठ. १९१५मध्ये स्थापन झालेल्या कन्नड साहित्य परिषदेची इमारत इथेच आहे. मराठी घरात वाढलेला माणूस इथे कन्नड वाचू लागला की कधीतरी चामरसाच्या ‘प्रभुलिंगलीले’पाशी येतो आणि दचकतो, कारण तिथे गोरक्ष हरतो. पंधराव्या शतकात, प्रौढदेवरायाच्या काळात रचलेल्या या काव्याचा नायक अल्लमप्रभू. गोरक्षाने साधनेने देह वज्रासारखा केलेला असतो. अल्लम त्याच्यावर तलवार चालवतो तेव्हा खणखणाट होतो, अंगावर ओरखडाही उठत नाही. मग गोरक्ष अल्लमावर वार करतो, आणि तलवार मोकळ्या हवेतून जावी तशी त्याच्या देहातून पार जाते. ज्याचा आवाज झाला त्याच्याकडे अजून देह उरलेला होता.

इथल्या वाचकाला ‘मला काय मिळेल’ किंवा ‘हे शक्य आहे का’ असं विचारायला जागाच राहत नाही. त्याच्यापुढे प्रश्न येतो तो असा: जिंकून काय उरलं? कर्नाटकात काव्य गमकपद्धतीने ऐकण्याची रीत आहे. एकजण रागात म्हणतो, दुसरा अर्थ उलगडतो. अशा ऐकण्यात चमत्कार अर्थाकडे जाण्याचं दार होतो. ‘प्रभुलिंगलीले’ पुढे शिवप्रकाशांनी तमिळमध्ये नेली, तेव्हा हा प्रश्नही भाषा ओलांडून गेला.

हा फरक मराठी आणि कन्नड असा मात्र नाही. महिपतीच्या ‘भक्तविजया’त (१७६२) चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन येतो आणि ज्ञानदेव बसल्या भिंतीलाच चालवतात. चौदाशे वर्षं काळाला परतवणाऱ्या योग्याचं पत्र कोरं निघतं, आणि त्याला उपदेश करायला लहानगी मुक्ताबाई पुरते. तिसरा वाचक आपल्याकडेही होता.

हे सगळं अनुवादकाच्या टेबलावर एका शब्दाच्या रूपाने येतं. विझार्डला काय म्हणायचं? ‘मांत्रिक’ म्हटलं की अंगारे, धागे, भीती आणि फसवणूक सोबत येतात. ज्या महाराष्ट्रात २०१३मध्ये दाभोलकरांच्या खुनानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला, तिथे हा शब्द निरागस नाही. ‘जादूगार’ म्हटलं की टोपीतला ससा दिसतो आणि पुस्तक मुलांच्या कपाटात जातं. ‘सिद्ध’ म्हटलं की गोरक्ष आणि अल्लम दोघेही येऊन बसतात, पण मग गेडसारख्या उतावळ्या पोराला तो शब्द अंगाबाहेरचा होतो. प्रत्येक शब्द आपला वाचक सोबत घेऊन येतो.

सगळ्या पुस्तकाला चालेल असा एक शब्द मला सापडलेला नाही, आणि तो शोधण्याचा आग्रहही मी धरत नाही. शाळेत शिकणारा पोरगा जादूगारच राहू दे, गावाला नाडणारा मांत्रिक म्हणवला जाऊ दे, आणि ज्याला आता काही दाखवायचं उरलं नाही त्याच्यासाठी ‘सिद्ध’ राखून ठेवावा. हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाच्या मराठी नावात ‘परीस’ आला, तेव्हा असंच काहीसं झालं. तो शब्द कुणी नव्याने घडवला नव्हता. लोखंडाचं सोनं करणारा हा दगड संतांच्या अभंगांतून आधीच घरोघरी पोहोचलेला होता. तो दिसल्यावर मराठी वाचक मुळीच बिचकला नाही.