सेंपाखचा रणसंग्राम

९ जुलै १३८६. सेंपाख गावाजवळच्या चढावर ऑस्ट्रियाचा ड्यूक लिओपोल्ड तिसरा आपल्या सरदारांसह मारला गेला. हॅब्सबर्गसारख्या बलाढ्य घराण्यातला ड्यूक ल्युसर्न, उरी, श्वित्स आणि उंटरवाल्डनच्या शेतकरी-नागरिकांच्या फौजेसमोर पडावा, हा युरोपला मोठा धक्का होता.

ठिणगी ल्युसर्नने टाकली. १३८५ च्या अखेरीस त्या शहराने रोथेनबुर्गचा हॅब्सबर्ग किल्ला पाडला आणि पुढच्याच महिन्यात खुद्द सेंपाखला नागरिकत्व दिले. ड्यूकची प्रजा शहराची नागरिक झाली, की त्याची सत्ता आपोआप पोखरली जाई. तलवारीपेक्षा हे हत्यार अधिक धारदार होते.

लढाईत बरेच सरदार घोड्यांवरून उतरून लांब भाले घेऊन उभे राहिले. आर्नोल्ड फॉन विंकेलरीडने ते भाले कवेत घेऊन छातीवर झेलले आणि सोबत्यांना वाट करून दिली, ही कथा स्विस मुलांना पाठ असते. पण लढाईच्या काळातल्या नोंदींत त्याचे नाव नाही; ते सोळाव्या शतकात येते. तरी ल्युसर्नचा माजी नगरप्रमुख पेटरमान फॉन गुंडोल्डिंगन तिथे पडला, हे विसरता कामा नये.

१३८८ मध्ये नेफेल्सला ग्लारुसच्या लोकांनी हॅब्सबर्ग सैन्याला पुन्हा हरवले. १३८९ मध्ये सात वर्षांचा तह झाला. १३९३ च्या सेंपाख करारनाम्याने मात्र विजेत्यांनी स्वतःलाच शिस्त लावली: लढाई संपेपर्यंत लूट नाही, चर्च आणि स्त्रियांना संरक्षण.