घातक कचऱ्याची फेरभरणी : पिंप बदलते, जबाबदारी नाही

रासायनिक कारखान्यात तयार होणारा गाळ, वापरून झालेली द्रावके, ऊर्ध्वपातनानंतर तळाशी उरणारा डांबरासारखा अवशेष यांची गणना घातक कचऱ्यात होते. विल्हेवाट केंद्राकडे रवाना होईपर्यंत हा कचरा कारखान्याच्या आवारातच पिंपांत साठवला जातो. पिंप गंजले, फुगले किंवा झिरपू लागले, की कचरा सुस्थितीतील पिंपात भरावा लागतो. हीच फेरभरणी, अर्थात रिपॅकिंग. वरकरणी हमालीचे वाटणारे हे काम जोखमीचे आहे. कारण बंदिस्त कचरा या वेळी उघडा पडतो.

शिरगावला धोका का?

बदलापूरच्या शिरगाव औद्योगिक वसाहतीलगत दाट लोकवस्ती आहे. ३ जून २०२१ च्या रात्री येथील एका कारखान्यात उत्पादनादरम्यान वायुगळती झाली, तेव्हा परिसरातील रहिवाशांना श्वसनाचा त्रास झाला होता. कचऱ्यामुळेही असेच घडू शकते. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात टँकरमधील रासायनिक कचरा वालधुनी नदीत सोडल्याने विषारी वायू पसरला आणि शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. जवळून वाहणारी उल्हास नदी अनेक शहरांची तहान भागवते आणि पावसाळ्यात पात्रही सोडते. जुलै २०१९ च्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. त्यामुळे गळके पिंप उघड्यावर ठेवणे येथे परवडणारे नाही.

नियम काय सांगतो?

२०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार कारखान्याला हा कचरा ९० दिवसांपर्यंत साठवता येतो. विशिष्ट परिस्थितीत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ मुदत वाढवू शकते. प्रत्येक पिंपावर पाण्याने न पुसले जाणारे पिवळे लेबल बंधनकारक असून, धोक्याचा इशारा हिंदी, इंग्रजी व स्थानिक भाषेत लाल अक्षरांत असावा लागतो. वाहतुकीसाठी सात प्रतींचे मॅनिफेस्ट भरावे लागते.

काम कसे चालते?

प्रथम पिंपातील पदार्थाची ओळख पटवली जाते. लेबल नसल्यास नमुना तपासल्याखेरीज पिंप रिकामे करू नये. सल्फाइडयुक्त कचऱ्यात आम्ल मिसळले, तर प्राणघातक हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. आम्लासाठी सामान्यतः प्लास्टिकचे, तर ज्वलनशील द्रावकांसाठी पोलादी पिंप वापरतात. द्रावक ओतताना दोन्ही पिंपे तारेने जोडून जमिनीशी जोडावी लागतात. अन्यथा स्थिर विजेच्या ठिणगीने आग लागू शकते. पिंप हलवण्याच्याही स्थितीत नसेल, तर ते तसेच मोठ्या पिंपात बसवून सीलबंद केले जाते.

दिरंगाईची किंमत

हे काम लांबले तर काय होते, याचे उदाहरण भोपाळचे. १९८४ च्या दुर्घटनेनंतर युनियन कार्बाइडच्या आवारात पडून राहिलेला सुमारे ३३७ टन कचरा अखेर पिशव्यांत भरून १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ बंद कंटेनरमधून पीथमपूरला नेण्यात आला. तो जाळण्याचे काम जून २०२५ अखेर संपले. तोपर्यंत चाळीस वर्षे उलटली होती.

रिकाम्या पिंपाचे काय?

कचरा काढल्यानंतर मागे राहिलेले दूषित पिंपही नियमांच्या यादीत घातक कचराच ठरते. ते निर्जंतुक नव्हे, तर विषमुक्त करावे लागते आणि ते काम अधिकृत केंद्रातच व्हायला हवे. भंगारात गेलेले असे पिंप स्वस्तात विकले जाऊन एखाद्या घरी पाणी साठवण्यासाठी पोहोचू शकते. वरून कितीही धुतले, तरी त्यात पिण्याचे पाणी भरू नये.