तहानलेली होडी

 

आजची गोष्ट होडीची आहे. आमच्या गटातल्या एका काकींच्या परड्यात माडाखाली जुनी शिडाची होडी पाच-सहा पावसाळे पडून होती. त्यांच्या सासऱ्यांनी ती खाडीत चालवली. पुढे यंत्राच्या होड्या आल्या आणि हिचं शीड माळ्यावर गेलं. घरात आजारपण निघालं तेव्हा एक जण होडी जळणाच्या भावात मागायला आला. काकींनी बैठकीत विचारलं, "देऊन टाकू का गो?" कुणाच्याच तोंडून हो निघेना. गटाने काकींना कर्ज दिलं आणि होडी आपणच दुरुस्त करायची असं ठरलं. पण आमच्यातल्या एकीलाही वाकस कसं धरायचं ते माहीत नव्हतं.

दोन फळ्यांमधून बोट जाईल एवढ्या फटी होत्या. आम्हाला वाटलं, लांबी भरू, वर रंग देऊ, झालं काम. गावातल्या म्हाताऱ्या सुतार आजोबांनी हात धरला. म्हणाले, "लाकूड तानलेला आसा. आदी तेका पाणी पाजा." सुकलेलं लाकूड आक्रसतं, म्हणून फटी दिसतात. तेव्हाच त्या ठासून भरल्या, तर पाण्यात लाकूड फुगल्यावर फळ्या एकमेकींना ढकलतात आणि खिळे सुटतात. मग आम्ही आठ दिवस ओली पोती टाकून होडी भिजवली. खिळ्याने टोचून एकेक फळी तपासली. खिळा सहज आत गेला तिथे खडूची खूण केली. दोन फळ्या कुजलेल्या निघाल्या.

नव्या फळ्यांसाठी लाकूड हवं होतं. तेव्हा आम्हाला शाळेत ऐकलेलं आज्ञापत्र आठवलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेला हा राज्यकारभाराचा ग्रंथ. आरमाराला लाकूड लागतं, तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, असं त्यात बजावलं आहे. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावं. आम्हीही तसंच केलं. शेजारच्या वाडीतल्या आजींचा फणस वठला होता. त्यांना विचारलं, ठरलेले पैसे दिले आणि मगच कुऱ्हाड लावली.

काम चालू असताना आम्हाला 'सुहैली'ची गोष्ट कळली. ही 32 फुटांची शिडाची नाव आपल्या मुंबईतच 1963-64 च्या सुमारास बांधली गेली. बांधून घेणारा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा तरुण इंग्रज खलाशी होता. त्याने नकाशे मागवले, तर आले जुन्या धाटणीच्या नावेचे. त्याने त्यावरूनच काम सुरू केलं. लाकूड सागवानी होतं. मुंबईच्या सुतारांनी वाकसाने ते तासलं आणि दोरी-कमानीने फिरणाऱ्या सामत्याने भोकं पाडली. आमचे आजोबा आजही तीच हत्यारं वापरतात.

14 जून 1968 रोजी रॉबिन या नावेतून एकटाच इंग्लंडहून निघाला. वाटेत कुठेही न थांबता जगाची फेरी मारायची ही शर्यत होती. तोवर ते कुणालाच जमलं नव्हतं. अटलांटिक महासागरात नावेच्या तळातून पाणी येऊ लागलं. तळाचं मुख्य लाकूड, ज्याला पठाण म्हणतात, त्याच्यालगतची फट उघडली होती. किनारा दूर, मदतीला कुणी नाही. तो हातोडी आणि कापूस घेऊन पाण्याखाली गेला. श्वास पुरेल तेवढं ठोकायचं, वर यायचं, पुन्हा बुडी मारायची. फटीवर कापडाची पट्टी मारली, त्यावर तांब्याचा पत्रा बसवला. 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 ला तो परत पोचला. नऊ जण निघाले होते, शर्यत पुरी करणारा हा एकटाच. बक्षिसाचे 5,000 पौंड त्याने शर्यतीत मरण पावलेल्या खलाशाच्या बायकामुलांना देऊन टाकले.

पुढे सुहैली ग्रीनिचच्या संग्रहालयात मानाने ठेवली. तिथल्या कोरड्या हवेत तिच्या फळ्या आक्रसू लागल्या. समुद्राने जे केलं नाही, ते कोरड्या खोलीने होऊ लागलं. 2002 मध्ये रॉबिनने तिला बाहेर काढलं आणि पुढे अनेक वर्षं खपून दुरुस्त केलं. 2018 मध्ये, प्रवासाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, ती पुन्हा शीड उभारून पाण्यावर होती. हे ऐकून आजोबा हसले. म्हणाले, "तीव तानलेलीच हुती."

मैत्रिणींनो, एक गोष्ट मात्र आम्हाला लागून राहिली. रॉबिनचं नाव जगाला ठाऊक आहे. सामता फिरवणाऱ्या मुंबईच्या त्या सुतारांची नावं कुणाच्या तोंडी नाहीत. आमचे आजोबा ऐंशीच्या घरातले. त्यांची मुलं शहरात. ते गेले की हे सगळं कुणाला विचारायचं? म्हणून आम्ही गटाच्या वहीत, हिशोबाच्या मागच्या पानांवर, सगळं लिहून ठेवलं. एका वेळी एकच फळी काढायची, नाहीतर होडीचा आकार बिघडतो. जुनी फळी टाकायची नाही, तिच्यावरूनच नवी कापायची. कापूस भरताना जोर किती द्यायचा. पहिल्या पानावर आजोबांचं नाव घातलं.

होडी पाण्यात सोडली, त्या दिवशी काकींनी नारळ वाढवला. पहिल्या दिवशी ती निम्मी भरली. बघायला आलेले हसले. आम्ही डब्यांनी पाणी उपसलं आणि तिला तिथेच ठेवलं. तिसऱ्या दिवशी पाझर थांबत आला. पाचव्या दिवशी तळ कोरडा होता.

काकींच्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. परवानगी आणि तरंगती जाकिटं मिळेपर्यंत आम्ही होडीत पाहुण्यांना बसवणार नाही. पण होडी जळणात गेली नाही.

तुमच्याही परड्यात, माळ्यावर असं काही पडलं असेल. चरक असेल, जातं असेल, माग असेल. ते मोडीत काढण्याआधी ते जाणणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला बोलवा आणि वही घेऊन समोर बसा. आज इथेच थांबतो. नमस्कार.