निंबाळकर (आडनाव)

महाराष्ट्रातील एका प्रतिष्ठित मराठा घराण्याचे ग्रामनामावरून आलेले आडनाव. नातेपुते (ता. माळशिरस, जि. सोलापूर) येथून पश्चिमेस, आषाढी वारीच्या मार्गाने उलट गेल्यास फलटणचा मुलूख लागतो. त्यातील निंबळक हे या घराण्याचे मूळ गाव.

घराण्याचे पूर्वीचे आडनाव पवार असून ते आपला संबंध माळव्याच्या परमारांशी जोडते. मूळपुरुष निंबराज याच्या काळाविषयी परंपरा एकवाक्य नाही. एक परंपरा त्यास तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ठेवते, तर दुसरीनुसार त्याचा पिता दिल्लीच्या सुलतानासाठी लढताना १३२७ मध्ये पडल्यावर त्यास जहागीर व ‘नाईक’ हा किताब मिळाला. नाईक-निंबाळकर हे जोडनाव या किताबाची आठवण होय.

निंबराज या नावामुळे आडनाव त्याच्यावरूनच पडले असावे, असे सहज वाटते. पण ‘कर’ हा प्रत्यय सामान्यतः स्थलनामास लागतो, पुरुषनामास नव्हे. निंबळक यातील अंत्य ‘क’ आणि प्रत्ययाचा आद्य ‘क’ एकरूप होऊन व ‘ळ’पूर्वीचा स्वर दीर्घ होऊन निंबाळकर हे रूप सिद्ध होते. अर्थ एवढाच, की ‘निंबळकचा’. निंबळकात राहणाऱ्यास असे संबोधण्याचे कारण नसते. गाव सोडल्यावरच ही ओळख उपयोगी पडते. घराणे फलटणास गेले, तरी नाव मागच्या गावाचेच राहिले. पुढे निजामाच्या सेवेत गेलेल्या रावरंभा निंबाळकरांच्या शाखेने ते करमाळ्यापर्यंत नेले. तेथे ते वास्तव्याचे नव्हे, केवळ वंशाचे चिन्ह होते.

आडनाव बदलले तरी कूळ बदलले नाही. मराठ्यांच्या कुळयाद्यांतून निंबाळकर पवार कुळात गणले जातात आणि सोयरीक ठरविताना कुळाचा विचार होतो. भोसल्यांशी या घराण्याचे संबंध पिढ्यानपिढ्यांचे होते. मालोजी भोसल्यांची पत्नी याच घराण्यातील. शिवाजी महाराजांचा विवाह मुधोजी नाईक-निंबाळकरांची कन्या सईबाई हिच्याशी १६४० मध्ये झाला, तर महाराजांची कन्या सखूबाई सईबाईच्या भावाच्या, बजाजीच्या पुत्रास, महादजीस दिली होती.

जुने वंशनाम मागे पडण्याचा हा प्रकार आयर्लंडमधील आडनावांशी ताडून पाहण्याजोगा आहे. तेथील ‘ओ’ म्हणजे नातू वा वंशज आणि ‘मॅक’ म्हणजे पुत्र. ओब्रायन हे आडनाव १०१४ मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईत मारला गेलेला राजा ब्रायन बोरू याच्यावरून आले. इंग्रजी अंमलात अनेक कुटुंबांनी ही उपपदे गाळली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाषिक पुनरुज्जीवनाबरोबर काहींनी ती पुन्हा लावली. निंबाळकरांनी मात्र पवार हे आडनाव परत घेतले नाही. फलटण संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हाही राजघराण्याचे नाव नाईक-निंबाळकर हेच होते.