डब्लिनची अ‍ॅन ओब्रायन: कागदावर नसलेली व्यावसायिक खेळाडू

'व्यावसायिक खेळाडू' हा शब्द आपण अगदी सहज वापरतो. खेळून पोट भरतो तो व्यावसायिक, एवढी साधी व्याख्या. पण ही व्याख्या कागदावर उतरवायचा अधिकार कुणाकडे असतो? त्यासाठी आज मी अ‍ॅन ओब्रायन हे नाव घेतलंय.

अ‍ॅनचा जन्म १९५६ चा, डब्लिनच्या इंचिकोर भागातला. हा रेल्वे कारखान्याचा, कामगारांचा परिसर. ती सतरा वर्षांची होती ते १९७३ साल आयर्लंडच्या बायकांसाठी फार महत्त्वाचं. लग्न झालं की सरकारी नोकरी सोडायची, हा नियम तिथे त्या वर्षापर्यंत चालू होता. हो, १९७३ पर्यंत! त्याच वर्षी महिला फुटबॉलची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि मे महिन्यात आयर्लंडच्या महिला संघाने आपला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना वेल्समध्ये जाऊन ३-२ असा जिंकला. थोडक्यात, खेळ होता, मुली होत्या, पैसा मात्र शून्य.

पैसा नाही तरी निदान रस्ता होता, तो फ्रान्समध्ये. रँस शहरात पिएर जोफ्रुआ नावाचा क्रीडा पत्रकार होता. १९६८ मध्ये आपल्या वर्तमानपत्राच्या वार्षिक जत्रेसाठी त्याने मुलींचा फुटबॉल सामना ठरवला आणि खेळाडू हवेत म्हणून जाहिरात दिली. लोकांची करमणूक व्हावी, इतकाच हेतू असावा. पण आलेल्या मुली भलत्याच चांगल्या निघाल्या! त्यातून उभा राहिलेला संघ पुढे देशोदेशी दौरे करू लागला. १९७३ मध्ये हा संघ आयर्लंडला आला, जोफ्रुआने अ‍ॅनचा खेळ पाहिला आणि तिला थेट बोलावणंच दिलं. स्कॉटलंडची रोझ रायलीसुद्धा त्याच सुमारास रँसला पोचली. या दोघींत 'पहिली' कोण, यावर लोक वाद घालतात. मला त्यात फारसा रस नाही. दोघींना घर सोडावं लागलं, मुद्दा तो आहे.

रँसकडून फ्रान्सचं विजेतेपद मिळवून अ‍ॅन १९७६ मध्ये रोमच्या लाझिओ संघात गेली. आता गंमत बघा. १९६६ च्या विश्वचषकात उत्तर कोरियाकडून हरल्यावर इटलीने पुरुषांच्या लीगमध्ये नव्या परदेशी खेळाडूंना दारं बंद केली होती, ती १९८० मध्ये उघडली. तेव्हा डब्लिनचाच लियम ब्रेडी आर्सनल सोडून युव्हेंटसला गेला आणि आयर्लंडच्या वर्तमानपत्रांत गाजला. अ‍ॅनला तोपर्यंत इटलीत चार वर्षं झाली होती. महिला फुटबॉल तेव्हा इटलीच्या मुख्य महासंघाबाहेर, वेगळ्या संघटनेखाली चालायचं, त्यामुळे ती बंदी तिथे लागूच नव्हती. बाहेर ठेवलं गेल्याचा असाही एक फायदा! १९८६ मध्ये मात्र हा खेळ मुख्य महासंघात आला.

अ‍ॅन मधल्या फळीत खेळायची. लाझिओ १९७९ आणि १९८० मध्ये विजेता झाला. पुढे त्रानी, नापोली, मोदेना, रेज्जाना, मिलान असा तिचा प्रवास झाला. एकूण अठरा वर्षं इटलीत, सहा लीग विजेतेपदं, दोन इटालियन चषक. एवढे संघ का बदलले, हे संघांच्या नावांतच दिसतं: 'त्रानी ८० सानितास', 'मिलान सालवरानी'. प्रायोजकाचं नाव थेट संघाच्या नावात. प्रायोजकाचा हात सैल असेपर्यंत संघ जोरात. तो आखडला की खेळाडूंनी नवं गाव शोधायचं.

आणि मायदेशाचं काय? आयर्लंडकडून तिचे सामने बोटांवर मोजण्याइतकेच. आपण खेळाडूची थोरवी आंतरराष्ट्रीय सामन्यांवरून मोजतो, त्यामुळे या मोजपट्टीवर अ‍ॅन जवळजवळ दिसतच नाही. रोझ रायली निदान इटलीच्या राष्ट्रीय संघातून खेळली, म्हणून तिची गोष्ट टिकली. अ‍ॅनचं सगळं कर्तृत्व क्लबांचं, तेही परक्या भाषेतल्या जुन्या वर्तमानपत्रांत पडून राहिलेलं. माझं स्पष्ट मत आहे की इथे दोष विस्मरणाचा कमी आणि मोजपट्टीचा जास्त आहे.

ऑगस्ट २०१६ मध्ये, वयाच्या ६० व्या वर्षी अ‍ॅन गेली. त्यानंतर आठ महिन्यांनी, एप्रिल २०१७ मध्ये आयर्लंडच्या महिला खेळाडू डब्लिनच्या लिबर्टी हॉलमध्ये, म्हणजे कामगार संघटनेच्या इमारतीत, पत्रकारांसमोर बसल्या. संघाचे ट्रॅकसूट विमानतळाच्या शौचालयात बदलून परत द्यावे लागतात, असं त्यांनी सांगितलं. २०२१ मध्ये पुरुष संघाने आपलं मानधन कमी करून घेतलं आणि दोन्ही संघांना समान रक्कम ठरली. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच संघाने स्कॉटलंडला १-० हरवून पहिल्यांदा विश्वचषक गाठला.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. अ‍ॅन अठरा वर्षं इटलीत फुटबॉल खेळली, पण कायद्याच्या भाषेत ती 'हौशी' होती. तिथल्या १९८१ च्या कायद्याने कोणता खेळ व्यावसायिक मानायचा हे महासंघांवर सोडलं आणि महासंघाने महिलांना त्यात घेतलंच नाही. म्हणजे व्यावसायिक म्हणून रीतसर करार नाही आणि त्या करारासोबत येणारं निवृत्तिवेतनाचं संरक्षणही नाही. इटलीच्या पहिल्या श्रेणीतल्या महिला फुटबॉलपटूंना व्यावसायिक दर्जा मिळाला १ जुलै २०२२ रोजी. अ‍ॅनला जाऊन तेव्हा सहा वर्षं होत आली होती.