लेखकाची घडण

मनुष्य चार ओळी लिहू लागला म्हणजे आपण लेखक कसे झालो, हे जगास सांगण्याची हौस त्यास केव्हा ना केव्हा होतेच. बहुधा ती पन्नाशी उलटल्यावर होते. मग बालपणी रचलेली पहिली कविता, गुरुजींनी वर्गात वाचून दाखविलेला निबंध, मासिकात छापून आलेले पहिले नाव, अशा पायऱ्या मोजीत तो आजच्या जागेपर्यंत येतो आणि आपण सारखे वरच चढत आलो, असे समाधान मानतो. आम्हीही या मोहापासून अलिप्त नाही. परंतु पायऱ्यांची ही मोजदाद करीत असता तीतील पुष्कळशी वाट आपणांस परत फिरून यावी लागली, असे आम्हांस आढळून आले. हा अनुभव आमच्या एकट्याचा असता तर त्याची वाच्यता करण्याचे कारण नव्हते; पण त्याचा मराठी गद्याच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे, असे आम्हांस वाटते.

आमचे बालपण नागपूरच्या दक्षिणेस असलेल्या बेसा या गावी गेले. आज तेथे इमारतींची दाटी झाली आहे. त्या वेळी कापसाची व तुरीची शेते होती, आणि नागपुरास जाणे म्हणजे शहरास जाणे होते. आमच्या शाळेत मराठी शिकविणारे गुरुजी गडकऱ्यांचे एकनिष्ठ भक्त होते. गडकऱ्यांनी 23 जानेवारी 1919 रोजी ज्या सावनेरास देह ठेविला, ते आपल्याच जिल्ह्यात आहे, हे सांगताना त्यांचा कंठ दाटून येई. नवसारीस जन्मलेला, बालपण गुजरातेत घालविलेला हा पुरुष मराठी भाषेचा राजा झाला, आणि दुखणे विकोपास गेले असताही ‘भावबंधन’ पुरे करून मगच गेला, ही कथा ऐकून आम्हीही लेखक व्हावयाचे ठरविले. लेखक होणे म्हणजे गडकऱ्यांसारखे लिहिणे, याविषयी आमच्या मनात तिळमात्र संशय नव्हता. एका वाक्यात तीन उपमा साधल्यावाचून आम्ही पूर्णविराम देत नसू. आमच्या वहीत चंद्र होता, चकोर होता, ज्याचा अर्थ आम्हांस ठाऊक नव्हता तो विरहही होता. आमच्या विहिरीवरचा रहाट मात्र त्या वहीत कोठेच नव्हता.

या वळणाचीही एक परंपरा आहे. इंग्रजी शिकलेल्या पिढीने मराठी गद्यास जे नवे रूप दिले, त्याचा मोठा टप्पा म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’. ती 1874 साली पुण्यास सुरू झाली व तिचे 84 अंक निघाले. इंग्रजी विद्येस वाघिणीचे दूध म्हणणाऱ्या शास्त्रीबुवांनी मराठी वाक्यास डौल दिला, उपरोधाची धार दिली, आणि पदवीधरास आपल्या भाषेत लिहिण्याची लाज वाटू नये अशी प्रतिष्ठा दिली. पुढे 1871 साली जन्मलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी कल्पनाचमत्कृती व कोटी यांची जोड देऊन ‘सुदाम्याचे पोहे’ वाटले. गडकरी त्यांस गुरू मानीत. गुरूचा विनोद त्यांनी बाळकराम या नावाने पुढे चालविला, आणि कल्पनेच्या भरारीत तर ते गुरूच्याही पलीकडे गेले. ही सर्व विद्या वाचनाने मिळण्याजोगी होती, आणि आमच्यासारख्या मुलास ती अनुकरणाने आपलीशी करता येईल असे वाटे. वाटण्यात आमची चूक नव्हती. तेवढीच विद्या आहे असे समजण्यात ती होती.

पुढे इंग्रजी वाङ्मय घेऊन पदवी मिळविण्यासाठी आम्ही पुण्यास गेलो. तेथे पहिल्याच सत्रात आमच्या बोलण्यास वसतिगृहातील मुले हसली, आणि आम्ही महिन्याभरात बोलणे बदलून टाकिले. याच सुमारास आईचे अंतर्देशीय पत्र आले. आई मराठी चौथी शिकलेली. पेरणी, गाय, शेजारची बाळंतीण, असा सगळा मजकूर लिहून तिने शेवटी लिहिले होते: ‘मी तुझी वाट पाहून राहिली.’ आमच्या नागपुराकडे सर्व जण असेच बोलतात. आम्ही तांबडी शाई घेतली, ‘पाहून राहिली’ यावर काट मारून ‘पाहत आहे’ असे लिहिले, ऱ्हस्वदीर्घाच्या आणखी अकरा चुका दाखविल्या, आणि ते पत्र पाकिटात घालून आईस परत धाडिले. आपण मातेच्या शिक्षणास हातभार लावीत आहो, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटत होते! त्यानंतर आईने स्वहस्ते आम्हांस पत्र लिहिले नाही. शेजारची एक शाळकरी मुलगी लिहून देई. ती पत्रे शुद्ध असत. त्यांत पेरणी असे, पण पाऊस लांबल्याची धास्ती नसे. गायीची खबर असे, पण गाय नसे.

या गोष्टीचा अर्थ आम्हांस कळावयास बरीच वर्षे लागली, आणि तो कळला दोन बायकांच्या पुस्तकांवरून. इतिहासाची गंमत अशी की, ‘निबंधमाला’ ज्या हंगामात निघाली, त्याच हंगामात पुण्यातील दुसऱ्या एका घरात मराठी गद्याची निराळीच शाळा उघडली होती. डिसेंबर 1873 मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा विवाह झाला. वधू अकरा वर्षांची, निरक्षर. रानडे यांनी तिला स्वतः मुळाक्षरांपासून शिकवावयास आरंभ केला. घरातील बायकांनी या शिकण्यावरून तिचा छळ केला. तरी ती शिकली. या रमाबाईंनी 1910 साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात निबंधाचा डौल नाही. परंतु रानडे यांच्या विद्वत्तेवर इतरांनी केलेली भाषणे आज कोणी उघडून पाहत नाही, आणि रमाबाईंचे रानडे मात्र आपल्या घरात वावरत असल्यासारखे वाटतात.

दुसरे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे. जन्म 1868 सालचा, नाशिकजवळील जलालपूरचा; शाळेचे तोंड पाहिले नाही; अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले, आणि जे लिहिणे-वाचणे आले ते त्यांच्यामुळे, तेही प्रपंचाच्या ओढाताणीत. या दांपत्याचा काही काळ आमच्या नागपुरातही गेला आहे. 1895 साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पुढील सुमारे पाच वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली, आणि 1900 साली विचारांती त्यांनीही तो धर्म घेतला. 1919 मध्ये टिळक वारले. त्यानंतर पंधरा वर्षांनी, 1934 मध्ये, साठी उलटलेल्या या बाईंच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग छापून निघाला. सोवळ्याच्या वेडापायी मीठसुद्धा धुऊन घेणारा बाप, घरात पैसा राहू न देणारा नवरा, आणि स्वतःची फजिती, हे सर्व त्या ज्या स्वरात सांगतात तो स्वर स्वयंपाकघरातला आहे. आपण वाङ्मय लिहीत आहो याची त्यांस जाणीवच नाही, म्हणून तेथे एकही शब्द शोभेसाठी आलेला नाही.

रमाबाई व लक्ष्मीबाई यांस शिकलेल्या नवऱ्यांनी अक्षरे शिकविली, हे आपण कृतज्ञतेने सांगतो, आणि ते खरेच आहे. परंतु या ऋणाची परतफेड कशी झाली, याकडे आपले लक्ष जात नाही. शिकविणाऱ्यांच्या पिढीने मराठी वाक्य उभे केले. शिकलेल्या बायकांनी त्यात माणूस बोलता केला.

यावर कोणी म्हणेल की, मग चिपळूणकर व गडकरी वृथाच काय? मुळीच नव्हे. रमाबाईंस व लक्ष्मीबाईंस वाचक लाभला तो याच मंडळींनी तयार केला होता. आणि गडकऱ्यांविषयी तर आम्ही अधिक सावधपणे बोलू. ‘एकच प्याला’त तळीरामाच्या मंडळाचे शब्दवैभव आम्ही लहानपणी पाठ केले, पण पन्नाशीनंतर वाचताना आम्हांस थांबविते ते सिंधूचे साधे बोलणे. अवघ्या तेहतीस वर्षांच्या आयुष्यात तो पुरुष ज्या साधेपणाजवळ येऊन पोहोचला होता, तो त्याचे अनुकरण करणाऱ्या आम्हांस दिसलाच नाही. गुरूच्या अंगचे जे लवकर उचलता येते तेच शिष्य उचलतो, आणि बहुधा ते गुरूने टाकून द्यावयास घेतलेले असते.

आई जाऊन आता काही वर्षे झाली. तिची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा तळाशी ते अंतर्देशीय पत्र सापडले. आमच्या तांबड्या शाईखाली, उरलेल्या कोऱ्या जागेत, तिने शिसपेन्सिलीने ‘पाहत आहे’ हे शब्द चार वेळा गिरविले होते. चौथ्या खेपेस अक्षर चांगले आले होते. तिला राग आला नव्हता. तिने धडा घेतला होता. आमचा धडा मात्र त्या वेळी राहून गेला.

आमचा व्यवसायच चुका काढण्याचा आहे, आणि तो सोडावा असे आम्हांस वाटत नाही; परीक्षेस बसणाऱ्या मुलास प्रमाण भाषा आलीच पाहिजे. परंतु एखाद्या मुलीच्या निबंधात ‘माझी आजी दारात बसून राहिली’ असे वाक्य येते, आणि ती आजी अजूनही बसलेली आहे असाच तिचा अर्थ असतो, तेव्हा आम्ही लेखणी खाली ठेवतो. प्रथम आजीविषयी चार गोष्टी विचारतो. त्या सांगून झाल्यावर, हेच सगळे असेच लिहून आण, असे सांगतो. व्याकरण त्यानंतर.