काळजाचं दुखणं रक्तात कसं दिसू लागलं

आजची गोष्ट आमच्याच गटापासून सुरू करतो. मागच्या पावसाळ्यात धानाची रोवणी चालू होती. आमच्या गटातल्या एका मावशीला बांधीतच कसंतरी वाटू लागलं. छातीत कळ नव्हती. पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध दाब येत होता, जबडा दुखत होता, घाम फुटला होता आणि मळमळत होतं. "काही नाही वं, सकाळपासून उपाशी आहो, गॅस झाला असन," असं ती स्वतःच म्हणाली. आम्हीही लिंबू-सोडा पाजला आणि झाडाखाली निजवलं. दुखणं थांबेना, तेव्हा तासाभरानं एका दवाखान्यात नेलं. तिथं ईसीजीची पट्टी काढली, रक्त घेतलं. दोन्ही नॉर्मल. "घरी जा," म्हणाले. आम्हाला हायसं वाटलं.

रात्री पुन्हा तीच तऱ्हा. गाडी करून नागपूर गाठलं. तिथं पुन्हा रक्त काढलं आणि त्यात हार्ट अटॅक निघाला. मावशी वाचली, पण काळजाचा एक भाग कायमचा कमजोर झाला. यंदा ती रोवणीला येणार नाही.

तेव्हापासून गटाच्या बैठकीत एकच प्रश्न निघत राहिला. दुपारचं रक्त आणि रात्रीचं रक्त एकाच बाईचं, मग दुपारचा रिपोर्ट खोटा होता काय? आम्ही डॉक्टरांना विचारलं, वाचायला घेतलं, आणि या तपासण्यांचा इतिहास समजल्यावर उत्तर मिळालं. खोटा एकही रिपोर्ट नव्हता. चूक दुसरीकडेच होती. तोच इतिहास आज तुम्हाला सांगतो.

शंभर वर्षांपूर्वी काळजाचा आजार ओळखायला डॉक्टरांकडे नाडी, कान आणि अनुभव एवढंच होतं. काळजाला रक्त पुरवणारी नस बंद झाली की माणूस जागीच मरतो, असा समज होता. १९१२ साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी लिहिलं की तसं नाही. नस बंद होऊनही माणूस जगू शकतो, म्हणून हा आजार जिवंतपणीच ओळखायला हवा. त्याच सुमारास आइंथोवेन यांचं ईसीजी यंत्र आलं होतं. त्यासाठी त्यांना १९२४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. पण सगळेच अटॅक ईसीजीच्या पट्टीवर उमटत नाहीत. मग आणखी पुरावा कुठून आणायचा?

रक्तातून काळजाचा माग काढण्याची एक सुरुवात वेगळ्याच आजारातून झाली होती. लेकरांचा घसा सुजतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात, आणि आतून काळजाच्या झडपा खराब होऊ लागतात. हा संधिवाताचा ताप. त्यामागचा जंतू अंगात येऊन गेला का, हे सांगणारी एएसओ नावाची रक्ततपासणी १९३२ साली टॉड या संशोधकानं पुढं आणली. आजही ती होते. आपल्याकडे कित्येक पोरींची झडप खराब असल्याचं पहिल्या बाळंतपणात दम लागल्यावरच समजतं. लहानपणी सुजलेल्या सांध्यांकडे कुणी लक्ष दिलेलं नसतं.

अटॅकची खरी रक्ततपासणी आली १९५४ साली, न्यूयॉर्कमध्ये. लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कारमेन या तिघांनी दाखवलं की अटॅकनंतर रक्तात एक पदार्थ वाढतो. त्याचं नाव एसजीओटी. कारण समजायला सोपं आहे. धानाचं पोतं फाटलं की दाणे खाली सांडतात. काळजाच्या पेशी मेल्या की त्यांच्या आतला माल रक्तात सांडतो. सांडलेलं मोजलं की आत किती फाटलं याचा अंदाज येतो. पुढच्या सगळ्या तपासण्या याच एका विचारावर उभ्या आहेत.

अडचण एवढीच होती की एसजीओटी काळजात असतं तसं यकृतातही असतं. दाणे सांडलेले दिसतात, पण पोतं कोणतं फाटलं ते कळत नाही. म्हणून अटॅकसाठी ही तपासणी मागं पडली. तुमच्या घरी काविळीचा जुना रिपोर्ट असेल तर बघा, एसजीओटी हे नाव त्यात सापडेल. काळजासाठी आलेली तपासणी आता यकृतासाठी राबते आहे.

त्यानंतर १९६० च्या दशकात सीपीके नावाची तपासणी रुळली. तिच्या मुळाशी एका भारतीयाचं काम आहे. आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत हार्वर्डला गेले. तिथं फिस्क यांच्याबरोबर १९२७ साली त्यांनी दाखवलं की स्नायूंमध्ये फॉस्फोक्रिएटिन नावाचा शक्तीचा साठा असतो. हा साठा वापरायला मदत करणारा पदार्थ म्हणजे सीपीके. काळीजही स्नायूच आहे, त्यामुळे अटॅकनंतर सीपीके वाढतं.

पण हातापायांचे स्नायूही स्नायूच. दिवसभर वाकून रोवणी केली, डोक्यावर भारे वाहिले, कमरेत सुई टोचून घेतली, तरी सीपीके वाढतं. राबणाऱ्या बाईच्या रक्तात ते वाढलेलं दिसलं तर काळजामुळे की कामामुळे, हे कसं सांगणार? पुढं काळजात जास्त सापडणारा त्याचा एक प्रकार, सीपीके-एमबी, वेगळा मोजता येऊ लागला. तोही अगदी काळजापुरता नव्हता.

त्या काळात जागतिक आरोग्य संघटनेचा एक नियम वापरला जाई. छातीचं ठरावीक दुखणं, ईसीजीतला बदल आणि रक्तातली वाढ, या तीनपैकी दोन गोष्टी जुळल्या की अटॅक धरायचा. पण ज्या बाईचं दुखणं पाठीत आणि जबड्यात आहे, जिला मळमळ आणि धाप आहे, तिची पहिली खूण अर्धी पुसलेलीच असते. अटॅकमध्ये बायांनाही छातीतच दुखतं, हे खरं. पण त्याच्या जोडीला या बाकीच्या तक्रारी बायांमध्ये जास्त असतात. ऐकणारा आणि सांगणारी, दोघंही त्याला गॅस म्हणून मोकळे होतात.

मोठा बदल झाला ट्रोपोनिनमुळे. स्नायू आखडण्या-सैलावण्याचं काम सांभाळणारं हे प्रथिन. जपानचे सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात ते शोधलं. काळजातलं ट्रोपोनिन हातापायांच्या स्नायूंतल्या ट्रोपोनिनपेक्षा घडणीनं वेगळं असतं. म्हणजे ज्याच्यावर शेतकऱ्याचं नाव लिहिलेलं आहे असं पोतं सापडलं. १९८९ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गचे ह्यूगो काटुस यांनी काळजाचं ट्रोपोनिन-टी रक्तात मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. २००० साली युरोप आणि अमेरिकेच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी अटॅकची व्याख्याच बदलली आणि ट्रोपोनिनला पहिला मान दिला.

आता आमच्या मावशीकडे परत येऊ. काळजाला इजा झाली की ट्रोपोनिन त्याच मिनिटाला रक्तात भरत नाही. जुन्या पद्धतीच्या तपासणीत ते दिसायला तीन-चार तास, कधी त्याहून जास्त लागतात. एकदा वाढलं की आठवडाभर, काही वेळा त्याहूनही जास्त दिवस रक्तात राहतं. आम्ही तासाभरात दवाखान्यात पोचलो होतो. लवकर गेलो ते बरोबरच केलं. पण त्या वेळी पोतं नुकतंच उसवत होतं, दाणे बाहेर यायचे होते. म्हणून दुपारचा रिपोर्ट खरा असूनही अपुरा होता. तीन ते सहा तासांनी दुसऱ्यांदा रक्त घ्यायला हवं होतं. नव्या, जास्त बारीक मोजणाऱ्या ट्रोपोनिन तपासणीत हे अंतर एक ते तीन तासांवर आलं आहे. पण दुखणं नुकतंच सुरू झालं असेल तर तिथंही एका रिपोर्टवर भागत नाही. ईसीजीचंही तसंच, दुखणं चालू असेल तर पट्टीही पुन्हा काढावी लागते.

ट्रोपोनिन वाढलं म्हणजे अटॅकच, असंही नाही. किडनीचा आजार, मोठा जंतुसंसर्ग, काळजाची सूज यांतही ते वाढतं. म्हणून दोन वेळच्या आकड्यांमधला चढ-उतार आणि सोबत दुखण्याची हकिकत डॉक्टरांना बघावी लागते. आणि ईसीजीत नस बंद झाल्याचं स्पष्ट दिसत असेल तर रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता उपचार सुरू करतात.

आता दुसरा प्रश्न. रिपोर्टमध्ये आकड्यापुढे "इतक्यापर्यंत नॉर्मल" असं छापलेलं असतं. ही रेघ कुणाच्या मापानं आखली? निरोगी बायांच्या रक्तात ट्रोपोनिन पुरुषांपेक्षा कमी असतं. तरी बरीच वर्षं दोघांना एकच रेघ लावली जात होती. बारीक मोजणाऱ्या एका तपासणीत पुरुषांची रेघ ३४ वर आहे आणि बायांची १६ वर. म्हणजे एखाद्या बाईचा आकडा २५ आला, तर पुरुषाच्या मापानं ती ठणठणीत आणि तिच्या स्वतःच्या मापानं आजारी. एडिंबरोच्या डॉक्टरांनी २०१५ साली बायांची वेगळी रेघ लावून बघितली. अटॅक निघालेल्या बाया शंभरात ११ होत्या, त्या २२ झाल्या. पुरुषांमध्ये मात्र फार फरक पडला नाही.

पण पुढची गोष्ट ऐका. याच मंडळींनी स्कॉटलंडमध्ये वेगळी रेघ लागू करून मोठा अभ्यास केला. २०१९ साली निकाल आला. काळजाची इजा असलेल्या बाया पूर्वीपेक्षा बऱ्याच जास्त सापडल्या, पण नस उघडण्याचा उपचार शंभरात ३४ पुरुषांना मिळाला आणि बायांना फक्त १५ ना. तपासणी सुधारली, पण बाईच्या दुखण्याकडे बघायची नजर तेवढी सुधारली नव्हती.

मापाचा हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रातल्या बायांच्या रक्तानंही उभा केला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या या बारीक अंगाच्या बायांची बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती, पण अंगातली चरबी त्या मानानं कमी नव्हती. बऱ्याच आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. त्या लेकरांचा माग पुढं अनेक वर्षं ठेवला गेला. त्यातून जगाला समजलं की आपल्याकडे दिसायला सडपातळ माणसालाही साखरेचा आणि काळजाचा धोका असतो. म्हणून "आपण तं वाळक्या, आपल्याले काय होते" म्हणून साखर आणि कोलेस्टेरॉलची तपासणी टाळू नका. फक्त एक फरक लक्षात ठेवा. कोलेस्टेरॉल पुढचा धोका सांगतं. आज आत्ता दुखतंय ते काय, हे ट्रोपोनिन आणि ईसीजी सांगतात. गेल्या महिन्यात कोलेस्टेरॉल नॉर्मल होतं म्हणून आजचं दुखणं गॅसचं ठरत नाही.

तपासणी शोधली गेली म्हणजे ती गरिबापर्यंत पोचली असं होत नाही. भारतातल्या ८९ रुग्णालयांतल्या वीस हजारांवर रुग्णांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. अटॅक आलेली माणसं दवाखान्यात पोचायला कित्येक तास लावत होती, आणि गरीब रुग्ण श्रीमंतांपेक्षा जास्त मरत होते, कारण त्यांना उपचार कमी मिळत होते. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या आसपासच्या गावांनी यावर एक वाट काढली होती. १९८० च्या दशकात तिथल्या घरांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा करून दवाखान्याच्या खर्चाची सोय केली. पैसा नसला तरी ज्वारी होती आणि एकी होती. बचत गट चालवणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आमच्या गटानं त्या रात्रीनंतर तीन गोष्टी ठरवल्या. छाती, पाठ, जबडा, डावा हात किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब, त्यासोबत घाम, मळमळ किंवा धाप असेल तर लिंबू-सोडा न पाजता १०८ नंबर फिरवायचा. ती गाडी फुकट आहे. दुसरं, दुखणं किती वाजता सुरू झालं ते कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्यायचं, कारण रक्ताचा रिपोर्ट त्या वेळेशी जोडूनच वाचायचा असतो. तिसरं, पहिला रिपोर्ट नॉर्मल आला तरी विचारायचं, "डॉक्टर, दुसऱ्यांदा रक्त कधी घ्याल?" आणि उत्तर मिळेपर्यंत उठायचं नाही. रात्रीच्या गाडीभाड्यासाठी गटाच्या पेटीत थोडी रक्कम वेगळी ठेवली आहे. ती कर्जात धरायची नाही, असा ठरावही वहीत लिहिला आहे.

मावशी आता बैठकीला येते आणि वहीवर पहिली सही तिचीच असते. तो प्रश्न दुपारीच विचारला असता तर यंदा ती आमच्यासोबत बांधीत असती, असं आम्हाला वाटत राहतं. तुमच्या गटात तो प्रश्न आधीच पाठ असू द्या.